फाटकाशी थांबलेली मोटार

जपानातील माझ्या मुक्कामाचा तो दुसराच दिवस होता. सरकारी कामानिमित्त काही महिने तोक्योत राहण्याचा योग आला होता, आणि माझे यजमान, तेथील एका खात्यातील माझ्याच वयाचे अधिकारी, आपल्या मोटारीतून मला शहराबाहेर घेऊन निघाले होते. वाटेत रेल्वेचे एक फाटक लागले. फाटक उघडे होते. घंटा वाजत नव्हती, तांबडा दिवा लागलेला नव्हता, आणि दोन्ही बाजूंना दृष्टी पोचेल तेथवर आगगाडीचा मागमूस नव्हता. तरी गृहस्थांनी मोटार रुळांच्या अलीकडे साफ उभी केली, आपल्या बाजूची काच खाली घेतली, क्षणभर कान देऊन ऐकले, आणि मग ती पलीकडे नेली. मला वाटले, इंजिनात काही बिघाड झाला असावा. मी तसे विचारलेही. ते म्हणाले, “छे! फाटक होते ना?”

थोडे पुढे रस्ता अरुंद झाला. समोरच्या वळणावर एका मालमोटारीने थांबून आम्हांस वाट करून दिली. पुढे जाताच यजमानांनी एक कळ दाबली आणि मोटारीचे मागचेपुढचे चारही पिवळे दिवे दोन-तीनदा लुकलुकले. आपल्याकडे हे दिवे लागले म्हणजे गाडी बंद पडली असे समजावयाचे. मी पुन्हा चिंताक्रांत झालो. ह्या वेळी ते हसले. “त्या चालकाचे आभार मानले,” ते म्हणाले.

परक्या देशात गेलेल्या माणसाला तेथील राजवाडे आणि मंदिरे यांहून अशा बारीकसारीक गोष्टींचेच अधिक नवल वाटते. राजवाडा वेगळा असणार, हे आपण घरून निघतानाच गृहीत धरलेले असते. परंतु मोटार थांबविण्याची, दार उघडण्याची, रस्ता ओलांडण्याची रीत निराळी असेल, हे ध्यानीमनीही नसते. पहिल्या आठवड्यातच माझी टिपणवही अशा नोंदींनी भरून गेली. टॅक्सीचे दार उघडण्यासाठी मी हात पुढे केला, तो दार आपोआप उघडून माझ्या गुडघ्यावर आदळले. ते चालक आपल्या जागेवरून उघडतो आणि उतारूने त्याला हात लावू नये असा शिष्टाचार आहे. सिग्नलच्या हिरव्या दिव्याला तेथील आबालवृद्ध ‘निळा’ म्हणतात, कारण त्यांच्या भाषेतील एक जुना शब्द ह्या दोन्ही रंगांना पुरतो. गल्लोगल्ली हिंडलो, पण रात्री घरासमोरच्या रस्त्यावर उभी करून ठेवलेली मोटार क्वचितच दृष्टीस पडली. लहान मुले रस्ता ओलांडताना एक हात उंच धरून चालतात, जणू वर्गात गुरुजींच्या प्रश्नाला उत्तर द्यावयाचे आहे!

आठवड्याच्या शेवटी मी घरी पत्र लिहिले, आणि परदेशी गेलेला आपल्यापैकी बहुतेक जण जे वाक्य लिहितो तेच मीही लिहिले : ‘शिस्त ह्या लोकांच्या रक्तातच आहे.’

श्रोतेहो, हे वाक्य खोटे आहे. ते कसे खोटे आहे, आणि निरुपद्रवी दिसले तरी ते घातक का आहे, एवढेच आज मला सांगावयाचे आहे.

प्रथम ह्या नवलाच्या गोष्टींची कुळकथा पाहू. जपानात वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात. सामुराई योद्धे कमरेला डावीकडे तलवार लावीत. समोरून येणाऱ्याच्या तलवारीला आपली तलवार लागू नये म्हणून ते डावीकडून चालत, अशी एक दंतकथा तेथे सांगतात. दंतकथेचा मोह सोडला तर इतिहासात निराळेच दुवे सापडतात. १८७२ साली तोक्योतील शिंबाशीपासून योकोहामापर्यंत जपानची पहिली रेल्वे धावली, ती इंग्रज स्थापत्यविशारदांच्या मार्गदर्शनाखाली बांधलेली होती. १८५३ च्या मुंबई-ठाणे रेल्वेप्रमाणेच. आगगाड्या डावीकडून धावू लागल्या, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात रस्त्यावरचा नियमही देशभर तोच झाला. माणसे मात्र पुढे बाजू बदलून बसली. महायुद्धानंतर, १९४९ साली, वाहनांनी डावीकडून आणि पादचाऱ्यांनी उजवीकडून जावे असा बदल करण्यात आला. चालणाऱ्याला समोरून येणारे वाहन दिसावे हा त्यातील हेतू.

बाजू ही गोष्ट रक्तातील नव्हे, ह्याचा याहून ठसठशीत पुरावा ओकिनावा बेटांत मिळतो. १९४५ च्या लढाईनंतर ही बेटे अमेरिकेच्या ताब्यात गेली आणि तेथील वाहने उजवीकडून धावू लागली. १५ मे १९७२ रोजी बेटे जपानला परत मिळाली, तरी बाजू लगेच बदलली नाही. तो दिवस सहा वर्षांनी उजाडला. २९ जुलै १९७८ च्या रात्री दहा वाजता वाहतूक थांबविण्यात आली, रातोरात पाट्या फिरविण्यात आल्या, आणि ३० जुलैच्या सकाळी सहा वाजल्यापासून सगळी बेटे डावीकडून चालू लागली. उतारूंचे दार दुसऱ्या बाजूला असलेल्या नव्या बसगाड्या आधीच आणून ठेवाव्या लागल्या होत्या. पिढी-दीड पिढीची सवय एका रात्रीत मोडली, कारण त्या रात्रीची तयारी कित्येक महिने चालली होती. आपल्या गोमंतकातही ह्याच्या उलट अर्थाची एक गोष्ट घडली आहे. १९२८ साली पोर्तुगालने उजवी बाजू पत्करली, पण त्या वेळी पोर्तुगीज सत्तेखाली असलेला गोवा डावीकडेच राहिला. सीमेपलीकडील सर्व शेजारी डावीकडून चालत होते, त्याला इलाज काय? सवयी शेजाऱ्यांवरून ठरतात, सोयीवरून ठरतात, वंशावरून नव्हे.

माझ्या वहीतील इतर नोंदींचेही तसेच. फाटकाशी थांबणे हा कोणा एका सज्जनाचा स्वभाव नाही. १९६० च्या वाहतूक कायद्याने तो नियम घालून दिला आहे, आणि काच उतरवून कान देण्याची सवय मोटार शिकविणाऱ्या शाळांतून लावली जाते. रात्री रस्ते मोकळे का, याचे उत्तर १९६२ च्या एका कायद्यात आहे : मोटार ठेवावयास जागा आहे असा दाखला मिळाल्यावाचून मोटारीची नोंदणीच होत नाही. टॅक्सीचे आपोआप उघडणारे दार १९६४ च्या तोक्यो ऑलिंपिकच्या सुमारास सर्रास झाले. चार दिव्यांनी आभार मानण्याची रीत मात्र कोणत्याही कायद्यात नाही. ती मालमोटारींच्या चालकांनी सुरू केली असे सांगतात. मला त्याचे विशेष वाटले नाही. आमच्या सह्याद्रीच्या घाटांतही चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्याने वाट द्यावी हा संकेत जुनाच आहे, आणि मागच्याला पुढे जाण्यास रस्ता मोकळा आहे हे खिडकीतून हात हलवून सांगणारा ट्रकचालक कोणी पाहिला नाही? सौजन्याला देश नसतो. प्रश्न एवढाच की, त्याला कोणाचा आधार मिळतो.

आता त्या खोट्या वाक्याकडे वळतो. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मी सिग्नल नसलेल्या एका झेब्रा-पट्ट्यांपाशी उभा होतो. शिस्तीच्या देशात पाऊल पुढे टाकताच मोटारी थांबतील अशी माझी भाबडी समजूत होती. एक गेली, दुसरी गेली, दहावी गेली, कोणी थांबेना! आभार मानण्यासाठी दिवे लुकलुकविणारी हीच माणसे पट्ट्यांवरच्या माणसाकडे ढुंकून पाहात नव्हती. मला प्रथम वाटले, हा अपवाद असेल. मग चौकशी केली, तेव्हा कळले की अपवाद मीच समजत होतो तो होता. जपान ऑटोमोबाइल फेडरेशन दरवर्षी अशा पट्ट्यांपाशी मोजणी करते. २०१६ साली पादचारी उभा असता थांबलेल्या मोटारींचे प्रमाण शेकडा ७·६ इतके भरले. थांबणे कायद्याने बंधनकारक असताना ही अवस्था! दोन वर्षांनी, २०१८ साली, नागानो प्रांतात हेच प्रमाण शेकडा ५८·६ होते, आणि तोचिगी प्रांतात शेकडा ०·९. एकच वंश, एकच कायदा, एकच चालक-परवाना. आणि अंतर एवढे! ज्या आइची प्रांतात जगप्रसिद्ध मोटारी तयार होतात तोच प्रांत रस्त्यावरील मृत्यूंच्या संख्येत २००३ पासून २०१८ पर्यंत सलग सोळा वर्षे देशात पहिला होता, आणि त्याच्या राजधानीच्या नावावरून बेदरकार हाकण्याला तेथे ‘नागोया-बाशिरी’ असे टोपणनाव पडले आहे. रक्ताची उपपत्ती येथेच कोलमडते.

मागे गेल्यास ती अधिकच कोलमडते. १९५६ साली वॉटकिन्स ह्या अमेरिकन तज्ज्ञाच्या मंडळाने जपानी सरकारला अहवाल दिला, त्यात जपानचे रस्ते विश्वास बसू नये इतके वाईट असल्याचे नमूद केले होते. पहिल्या दर्जाच्या राष्ट्रीय महामार्गांपैकीही तीन-चतुर्थांशांहून अधिक लांबी तेव्हा कच्ची होती. पुढील पंधरा वर्षांत मोटारी वाढल्या, रस्ते झाले, द्रुतगती मार्ग आले. आणि माणसे मरू लागली. १९७० साली जपानच्या रस्त्यांवर १६,७६५ माणसे मेली. वर्तमानपत्रांनी ह्या संहाराला ‘वाहतुकीचे युद्ध’ असे नाव दिले होते, आणि मृतांच्या आकड्याची तुलना १८९४-९५ च्या चीन-जपान युद्धातील आपल्या सैनिकांच्या हानीशी केली जात होती. त्या वेळची लोकसंख्या धरल्यास हे प्रमाण लाखामागे सोळा पडते. आपल्या देशात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. ते प्रमाण लाखामागे सुमारे बारा आहे. शिवाय जपानचा तो आकडा अपघातानंतर चोवीस तासांत मरणाऱ्यांचाच आहे, आणि आपण तीस दिवसांपर्यंतचे मृत्यू मोजतो. आपल्याकडे माणशी वाहने कमी आहेत हे खरे, आणि म्हणून ह्या तुलनेवरून स्वतःची पाठ थोपटून घेण्याचे कारण नाही. मला एवढेच दाखवावयाचे आहे की, ज्यांच्या रक्तात शिस्त आहे असे मी लिहिले, त्यांच्या बापांच्या आणि आजांच्या काळात ते रक्त रस्त्यावर सांडत होते.

मग बदल झाला कसा? तो कोणा एका साधूच्या उपदेशाने झाला नाही. १९५९ साली तोक्योत शाळेच्या वाटेवर मुलांना रस्ता ओलांडून देण्यासाठी स्त्रिया नेमण्यात आल्या. कमावता पुरुष गमावलेल्या विधवांना काम मिळावे हाही त्यात हेतू होता. लोक त्यांना ‘हिरव्या मावश्या’ म्हणू लागले. अपघातात आईबाप गेलेल्या मुलांच्या शिक्षणासाठी १९६९ पासून निधी उभारला जाऊ लागला. १९७० साली वाहतूक-सुरक्षिततेचा मूलभूत कायदा झाला, आणि पुढील वर्षापासून पंचवार्षिक योजना सुरू झाल्या. ध्येय शब्दांत नव्हे तर आकड्यांत लिहिले गेले, आणि पायी चालणाऱ्याचा जीव हा पहिला विषय ठरला. पदपथ, कठडे, पादचारी पूल, सिग्नल यांवर पैसा खर्च झाला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये रविवारी गिंझाचा हमरस्ता मोटारींना बंद करून माणसांना मोकळा करण्यात आला. १९७९ साली मृतांची संख्या ८,४६६ वर आली. नऊ वर्षांत ती निम्मी झाली.

गोष्ट येथे संपती तर ती बोधकथा ठरली असती. परंतु इतिहास बोधकथेइतका आज्ञाधारक नसतो. यश पाहून हात सैल झाले, मोटारी आणखी वाढल्या, आणि १९९२ साली मृतांचा आकडा पुन्हा अकरा हजारांच्या वर गेला. सवय एकदा लावली की ती कायमची लागते, हा भ्रम आहे. तिची राखण करावी लागते. ऑगस्ट २००६ मध्ये फुकुओका येथे मद्यपी चालकाच्या मोटारीने दुसऱ्या एका मोटारीला पुलावरून समुद्रात लोटले, आणि तीन लहान भावंडे बुडाली. देश हळहळला, पण नुसता हळहळून थांबला नाही. पुढच्या वर्षी कायदा कडक झाला : मद्यप्यास मोटार देणारा, त्यास मद्य पाजणारा आणि त्याच्या शेजारी बसून जाणारा, हे सारेच दोषी ठरू लागले. म्हणूनच आज तेथे मेजवानीनंतर पाहुणा बदली चालकाला बोलावतो. दोन माणसे येतात. एक पाहुण्याला त्याच्याच मोटारीतून घरी पोचवितो, आणि दुसरा सहकाऱ्याला परत नेण्यासाठी आपली मोटार घेऊन मागून येतो. नव्या माणसाला ह्या वरातीची गंमत वाटते. मलाही वाटली होती. तिच्यामागे तीन मुले आहेत, हे कळल्यावर ती गेली.

त्या पट्ट्यांची कथाही पुढे सरकली आहे. ७·६ हा आकडा छापून आल्यावर प्रांतोप्रांती लाज वाटली. पोलीस पट्ट्यांपाशी उभे राहू लागले, दरवर्षी प्रांतवार आकडे प्रसिद्ध होत राहिले, आणि पादचाऱ्यांनी हात उंचावून आपला हेतू कळवावा ही जुनी शिकवण २०२१ साली सरकारी नियमपुस्तकात पुन्हा आली. २०२४ च्या मोजणीत थांबणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ५३ झाले. ह्या आठ वर्षांत जपानी माणसाचे रक्त बदलले, असे कोण म्हणेल? त्याच वर्षी संपूर्ण देशातील मृतांची संख्या २,६६३ होती.

आता, हे सारे मी एवढ्या आग्रहाने का सांगत आहे ते सांगितले पाहिजे. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत मी एका जिल्ह्यात होतो. तेथे हमरस्त्याच्या एका अंगाला शाळा आणि दुसऱ्या अंगाला वस्ती होती. एका दुपारी शाळा सुटल्यावर रस्ता ओलांडताना एक मुलगी मालमोटारीखाली सापडली. मी जागेवर गेलो. तिचे दप्तर तेथेच पडलेले होते. गावकऱ्यांनी रस्ता अडविला होता. त्यांची समजूत घातली, वाहतूक मोकळी केली, कुटुंबाला मदतीचा धनादेश दिला. प्रकरणाच्या शेवटी मी जो शेरा लिहिला तो मला शब्दशः आठवतो : ‘चालकाचा निष्काळजीपणा व नागरिकांमध्ये वाहतूक-शिस्तीचा अभाव.’ शेरा मंजूर झाला, आणि धारिका बंद झाली. त्या ठिकाणी पट्टे नव्हते, पदपथ नव्हता, वेग कमी करावयास लावणारे काही नव्हते. शाळा सुटण्याच्या वेळी उभे राहणारे कोणीही नव्हते. त्यांतले एकही वाक्य मी लिहिले नाही. लिहिले असते तर ते कोणाचे तरी काम झाले असते, कदाचित माझेच.

‘शिस्तीचा अभाव’ आणि ‘शिस्त रक्तातच’ ही दोन वाक्ये एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, हे मला तोक्योतील त्या पट्ट्यांपाशी उभे असताना उमगले. एका वाक्याने आपण दुसऱ्याची स्तुती करतो, दुसऱ्याने आपल्या लोकांची निंदा करतो. आणि दोहोंनी आपली सुटका करून घेतो. जे रक्तात आहे ते घडवावे लागत नाही, आणि जे रक्तात नाही ते घडविता येत नाही. मग कोणी काही करावयाचे कारणच काय उरले?

तोक्योत चौकाचौकांत पोलिसांच्या लहान चौक्या असतात. त्यांच्या दारावर एक साधा फलक असतो. आदल्या दिवशी शहरात वाहतूक अपघातांत किती माणसे मेली आणि किती जखमी झाली, त्याचे आकडे रोज त्यावर लावतात. कामावर जाणारी माणसे त्याच्यासमोरून जातात. बहुतेक जण पाहातही नसतील. निरोपाच्या दिवशी मी सहज थांबून पाहिले. मृतांच्या रकान्यात शून्य होते. माझ्याकडे पाहून चौकीतील पोलीस बाहेर आला. मी वाट चुकलो आहे असे त्यास वाटले असावे. मी खुणेनेच ‘काही नाही’ म्हणालो. तो नमस्कार करून आत गेला.

त्या शून्यामागे किती जणांनी किती वर्षे काम केले होते, ते आता मला ठाऊक होते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोणीतरी तो आकडा काढून नवा आकडा लावणार होते, हेही.